तीन रंगांचे खडे

ह्या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘दागिने’ हा विषय छापलेला पाहून पुष्कळांना हसू आले असेल. ज्याचे आयुष्य गेटसभा घेण्यात, बोनसच्या वाटाघाटींत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर गेले, त्याने सोन्यामोत्यांविषयी काय सांगावयाचे? हसणाऱ्यांचे आम्ही मुळीच वाईट मानीत नाही. आम्हालाही हा विषय सुचला नसता. तो एका कामगार भगिनीने आमच्या गळ्यात घातला.

दोनतीन वर्षांमागची गोष्ट. मुंबईच्या उपनगरांत परदेशी पाठवावयाचे दागिने घडविणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एका कारखान्यात खडे बसविण्याचे काम करणारी ही बाई ओव्हरटाइमच्या हिशेबाचे गाऱ्हाणे घेऊन युनियनच्या कचेरीत आली होती. अर्ज लिहून झाला, सही झाली. उठता उठता ती म्हणाली, “भाऊ, एक विचारू का? आमच्याकडे एकच नमुना सारखा येतो. जांभळा खडा, मधे मोती, मग हिरवा खडा. सुपरवायझर म्हणतात, हा विलायतेतल्या मत मागणाऱ्या बायकांचा दागिना आहे. मत मागायला दागिना कशाला लागतो हो?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी संपले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर झाले. तेव्हा सवयीप्रमाणे तिकडेच गेलो. जे हाती लागले ते त्या बाईला सांगितलेच, आणि आता आपणांस सांगतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विलायतेतल्या बाईच्या अंगावरचा दागिना हा फार काळपर्यंत कायद्याने तिचा नव्हताच. लग्न झाले की तिची रोकड, तिचे सामानसुमान, तिची कमाई ही नवऱ्याची होई. अंगावरचे दागिने ती वापरी; परंतु नवऱ्याने आपल्या हयातीत ते विकावयाचे म्हटले तर तिला अडविता येत नसे. आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना निदान शास्त्रात तरी होती. व्यवहारात तिचे काय होई हे सभागृहातील भगिनींना आम्ही सांगावयास नको. इंग्लंडात ही स्थिती १८७० च्या कायद्याने थोडीशी आणि १८८२ च्या कायद्याने बरीचशी पालटली. त्यापूर्वीची एक हकीकत मिलिसेंट फॉसेट ह्या बाईंनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांच्या हातातली पैशाची पिशवी एका चोरट्याने लांबविली. चोर सापडला, खटला उभा राहिला. आणि आरोपपत्रात पाहतात तो काय, पिशवी हेन्री फॉसेट ह्यांच्या मालकीची असे लिहिलेले! हेन्री म्हणजे त्यांचे यजमान. चोरीचा आरोप जणू आपल्यावरच आला आहे असे त्या वेळी बाईंना वाटले. पुढे १८९७ मध्ये देशभरच्या स्त्रीमताधिकार मंडळांचा जो संघ स्थापन झाला, त्याच्या ह्या बाई पुढारी झाल्या.

फॉसेटबाईंचा मार्ग सनदशीर होता. अर्ज, सभा, शिष्टमंडळे, पुन्हा अर्ज. ह्या मार्गाला नाके मुरडण्याची हल्ली पद्धत पडली आहे. परंतु त्यातले काही अर्ज कोणाच्या सह्यांनी गेले ते पाहिले पाहिजे. १९०१ साली लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी एक अर्ज लंडनला नेला. त्यावर २९,३५९ सह्या होत्या. गिरणीच्या दारात उभे राहून सह्या गोळा करणे म्हणजे काय असते ते आम्ही जाणतो. पाळी सुटली की बाई घराकडे पळत असते. तिला थांबवावयाचे, समजवावयाचे आणि तिच्या हाती लेखणी द्यावयाची. एकोणतीस हजार वेळा! लँकेशायरचे नाव आपण शाळेत स्वदेशीचा वैरी म्हणून वाचले. तिथल्या चात्यांपाशी उभ्या असलेल्या बाईची कहाणी मात्र शाळेच्या पुस्तकात नव्हती.

त्याच मुलखातली ॲनी केनी. वयाच्या दहाव्या वर्षी गिरणीत अर्धवेळ कामाला लागलेली, यंत्रात एक बोट गमावलेली. १९०३ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला एमेलीन पँकहर्स्ट ह्यांच्या घरी ‘स्त्रियांचा सामाजिक व राजकीय संघ’ निघाला. १९०५ च्या ऑक्टोबरात ॲनी आणि पँकहर्स्टबाईंची थोरली मुलगी क्रिस्टाबेल ह्या दोघी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या लिबरल पक्षाच्या सभेत उभ्या राहिल्या आणि बायकांना मत देणार का, असा सरळ सवाल त्यांनी टाकला. त्यांना बाहेर काढले, दंड झाला. दंड न भरता दोघी तुरुंगात गेल्या. दुसऱ्या वर्षी ‘डेली मेल’ पत्राने ह्या नव्या बायकांना हिणविण्यासाठी ‘सफ्रेजेट’ असा शब्द काढला. बायकांनी तो शब्द उचलला नि अभिमानाने मिरविला. ज्यांना आज जुन्या बाजारात ‘सफ्रेजेट दागिने’ म्हणतात, त्यांच्या नावाचे मूळ असे एका टिंगलीत आहे.

आता रंगांकडे वळू. १९०८ साली ह्या संघाने आपले तीन रंग ठरविले: जांभळा, पांढरा आणि हिरवा. ही कल्पना एमेलीन पेथिक-लॉरेन्स ह्या बाईंची. संघाचा खजिना त्या सांभाळीत, आणि आमच्या मते चळवळीत त्यांच्याइतकी हिशेबी बुद्धी दुसऱ्या कोणाला नव्हती. जांभळा म्हणजे प्रतिष्ठा, पांढरा म्हणजे चारित्र्याची शुद्धता, हिरवा म्हणजे आशा, असा अर्थ त्यांनी लावून दिला. २१ जून १९०८ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये विराट सभा भरली. सात बाजूंनी सात मिरवणुका निघाल्या. बायकांनी पांढरी वस्त्रे घालावी आणि त्यावर जांभळ्या-हिरव्या फिती लावाव्या असे आधीच कळविलेले होते. जमाव तीन लाखांच्या घरात होता असा अंदाज सांगतात. (ह्या सभेनंतर तिसऱ्या दिवशी, २४ जूनला, मुंबईत लोकमान्यांना अटक झाली, आणि जुलैत त्यांच्या शिक्षेच्या निषेधार्थ गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. तरीही तारखा शेजारी शेजारी पाहून आम्ही वाचनालयात थोडा वेळ थबकलो, एवढे कबूल करतो.)

रंग ठरले आणि बाजार जागा झाला. पांढरे झगे, जांभळ्या टोप्या, हिरवे हातमोजे ह्यांच्या जाहिराती संघाच्या ‘व्होट्स फॉर विमेन’ ह्या पत्रात येऊ लागल्या. त्या जाहिरातींच्या पैशावर पत्र चाले. संघाची स्वतःची दुकानेही होती. त्यांत पत्रके, चहाची भांडी, खेळायचे पत्ते आणि पत्र्याचे गोल बिल्ले विकावयास असत. बिल्ला काही पेन्यांचा. कातणारी बाईदेखील तो घेऊ शके. ह्या पत्र्याच्या बिल्ल्याला दागिना म्हणावे की नाही ह्याबद्दल सराफांचे मत वेगळे पडेल. पण आमच्या हिशेबी चळवळीचा पहिला दागिना तोच.

दुसऱ्या टोकाला मॅपिन अँड वेब ही लंडनमधली नामांकित पेढी. सफ्रेजेट दागिने म्हणून तिने खास माल बाजारात आणला: पाचू, मोती आणि ॲमेथिस्ट नावाचा जांभळा खडा बसविलेले ब्रूच, लोलक वगैरे. पाचूचा ब्रूच लावणाऱ्या बाईला मत नव्हते ही गोष्ट खरी, आणि पत्र्याचा बिल्ला लावणारीलाही नव्हते. परंतु दोघींचे दुःख एकच होते असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. मत कोणत्या बायकांना, घरदार नि मालमत्ता असलेल्यांना की सगळ्यांना, हा प्रश्न चळवळीत अखेरपर्यंत धुमसत होता. त्याचे उत्तर पुढे कायद्याने कसे दिले ते शेवटी येईलच.

ह्या दोन टोकांमध्ये कारागिरांचे काम होते, आणि आम्हांस सर्वांत गोडी वाटली ती ह्याच कामाची. अर्नेस्टीन मिल्स नावाच्या एक बाई मिनाकामात निष्णात होत्या. मिनाकाम आपल्याकडेही आहे. जयपूरचे सर्वांनी पाहिलेले असते. काचेची रंगीत पूड चांदीवर किंवा तांब्यावर पसरून भट्टीत घालावयाची. पूड वितळून धातूला धरते नि रंग पक्का होतो. भट्टीत क्षणभर जास्त राहिले तर रंग जळतो, कमी राहिले तर धरत नाही. मिल्सबाई स्वतः चळवळीतल्या होत्या. संघाच्या रंगांतले मिन्याचे दागिने त्या घडवीत. आपले दुकान चालावे म्हणून चळवळीचे रंग लावणारे पुष्कळ होते. ह्या बाईंनी आपला हुन्नर चळवळीपुढे ठेविला. जुनी वस्तू हातात आली म्हणजे हा फरक नेहमीच दिसतो असे नाही. तो माहीत मात्र असावा.

इथवर जे सांगितले ते विकत मिळणारे दागिने. परंतु सर्वांत मोलाचे जे दोन, ते कोणत्याही दुकानात मिळत नव्हते. त्यांची किंमत तुरुंगात भरावी लागे.

पहिला हॉलोवे ब्रूच. हॉलोवे हा त्या काळचा लंडनचा बायकांचा तुरुंग. आकृती काढली सिल्व्हिया पँकहर्स्टने. ही पँकहर्स्टबाईंची मधली मुलगी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली आणि १९०६ मध्ये स्वतः हॉलोवेत राहून आलेली. किल्ल्याच्या वेशीवरून खाली सोडावयाचे लोखंडी जाळीचे दार असते ना, तसे चांदीचे लहानसे दार, बाजूंना लोंबत्या साखळ्या. हे जाळीचे दार ब्रिटिश पार्लमेंटचे चिन्ह आहे. आणि त्या दारावर मधोमध, जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या मिन्यात, बाणाचे रुंद फाळ. हा बाण म्हणजे सरकारी मालकीचा छाप. तो सरकारी सामानावर असे, आणि तसाच कैद्यांच्या कपड्यांवरही असे. बाईच्या अंगावर सरकारने आपल्या मालाचा शिक्का मारला. तिने तोच शिक्का चांदीत घडवून छातीवर लावला! एप्रिल १९०९ पासून सुटून आलेल्या बायकांना हे ब्रूच समारंभाने देण्यात येऊ लागले. तुरुंग आणि पार्लमेंट एका इंचाएवढ्या जागेत आणून ठेवणारी ही आकृती आम्ही पहिल्यांदा चित्रात पाहिली, तेव्हा आमच्या युनियनच्या बिल्ल्यावरील चाक, मूठ नि कोयता फारच ठरावीक वाटले. ही आमच्या मंडळींवर टीका नव्हे. थोडीशी असूया आहे.

दुसरे, उपोषणाचे पदक. ह्याची कथा मॅरियन वॉलेस डनलॉप ह्या चित्रकार बाईंपासून सुरू होते. पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका दालनाच्या भिंतीवर त्यांनी नागरिकांच्या हक्काचे जुने वचन शाईने छापले म्हणून त्यांस महिनाभराची शिक्षा झाली. आम्ही राजकीय कैदी आहो, आम्हांस पहिल्या वर्गात ठेवा, अशी त्यांची मागणी. ती नाकारली जाताच जुलै १९०९ मध्ये त्यांनी अन्न सोडले. कोणी सांगितले नव्हते, संघाचा ठराव नव्हता. ९१ तासांनी सरकारने त्यांना सोडून दिले. मग एकीमागून एक बायका तेच करू लागल्या. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या तुरुंगात सरकारने उत्तर शोधले: चौघींनी धरून ठेवावयाचे आणि नाकातून किंवा तोंडातून रबरी नळी पोटात घालून पातळ अन्न ओतावयाचे. तोंड उघडत नसेल तर पोलादी चिमटा. हे काम डॉक्टर करीत. पुष्कळ डॉक्टरांनी ह्याविरुद्ध आवाज उठविला, हेही सांगितले पाहिजे. १९१३ मध्ये सरकारने आणखी एक कायदा केला. उपोषणाने खंगलेल्या बाईला सोडावयाचे आणि अंगी थोडे त्राण आले की पुन्हा धरून आणावयाचे. लोकांनी ह्याला ‘मांजर-उंदराचा कायदा’ म्हटले.

संघाने ऑगस्ट १९०९ पासून उपोषण करणाऱ्यांना पदके दिली. लंडनच्या टॉय ह्या पदके नि मानचिन्हे करणाऱ्या कारखान्याने ती घडविली. रूप अगदी लष्करी पदकाचे: वर चांदीची पट्टी, तीवर ‘शौर्याबद्दल’ हे शब्द. हेच शब्द व्हिक्टोरिया क्रॉसवर असतात, आणि ते मुद्दामच घेतले होते. खाली तिरंगी फीत, मग चांदीचा दांडा आणि त्याखाली लहान गोल चकती. चकतीच्या एका अंगास ‘उपोषण’, दुसऱ्या अंगास बाईचे नाव कोरलेले. दांड्यावर तारीख. जिला बळाने अन्न घातले गेले, तिच्या पदकावर साध्या चांदीऐवजी तीन रंगांच्या मिन्याचा दांडा येई. पुन्हा तुरुंग, पुन्हा उपोषण, की आणखी एक दांडा. काही पदकांवर एकाखाली एक असे कित्येक दांडे आहेत. पदकाची डबी जांभळ्या मखमलीची, आत अस्तर हिरव्या-पांढऱ्या रेशमाचे, आणि अस्तरावर त्या बाईच्या नावाने छापलेला मानाचा मजकूर.

नावावर आम्ही जरा रेंगाळतो. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या, तेव्हा उत्तरेकडच्या काही प्रांतांतल्या लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे शेवटी यादीतून वगळावी लागली. मत आले होते, नाव नव्हते. त्या पदकावर कोरलेल्या चार अक्षरांकडे आम्ही ह्या दृष्टीने पाहतो.

आता त्या कारखान्यातल्या बाईच्या मूळ प्रश्नाकडे: जांभळा खडा, मोती आणि हिरवा खडा. जुन्या जिनसांच्या बाजारात एक गोष्ट फार पसरली आहे. इंग्रजीत हिरवा, पांढरा आणि जांभळा ह्या रंगांची आद्याक्षरे घेतली तर ‘बायकांना मते द्या’ ह्या वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरे होतात. सबब हे दागिने म्हणजे गुप्त खूण होती. घरच्यांना कळू न देता बायका ही खूण अंगावर वागवीत. गोष्ट गोड आहे, आणि गोड गोष्टीला गिऱ्हाईक असते. परंतु विचार करून पाहावे. संघाच्या कागदांत रंगांचा क्रम जांभळा, पांढरा, हिरवा असाच सांगितलेला आहे, आणि जांभळ्यासाठी शब्दही ती आद्याक्षरे जुळविणारा नव्हे. पेथिक-लॉरेन्सबाईंनी रंगांचा अर्थ छापून दिला, त्यात आद्याक्षरांचा उल्लेख नाही. शिवाय लाख लाख माणसांच्या मिरवणुकीत जे रंग फडकत होते, ज्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत होत्या, ते गुप्त कसे? आपली ओळख लपविण्यासाठी कोणी बैलाच्या शिंगांना गुलाल लावीत नाही.

दुसरी गोष्ट अशी की ॲमेथिस्ट, मोती आणि पेरिडॉट नावाचा फिकट हिरवा खडा ही जोडणी त्या काळी सर्वसाधारण आवडीचीच होती. ब्राझीलच्या खाणींमुळे एकोणिसाव्या शतकात ॲमेथिस्ट स्वस्त झाला होता. रंग एकमेकांस खुलवीत. मताशी काडीचाही संबंध नसलेल्या, किंबहुना मताला विरोध असलेल्या घरांतल्या बायकांनीही असे दागिने घातले असतील. तेव्हा तीन रंगांचा जुना लोलक दिसला म्हणजे तो सफ्रेजेट बाईचाच, हे म्हणणे म्हणजे लाल लुगडे नेसलेली प्रत्येक बाई कम्युनिस्ट, असे म्हणण्यासारखे आहे. ह्या विषयाच्या अभ्यासकांनी हे वारंवार लिहिले आहे. तरी चिठ्ठीवर ‘सफ्रेजेट’ हा शब्द पडला की किंमत चढते, म्हणून चिठ्ठ्या लागतच राहतात.

मग खरे कसे ओळखावे? विकणाऱ्याच्या शब्दावरून नव्हे. हॉलोवे ब्रूचची आकृती ठरलेली आहे. पदकावर नाव आणि तारीख आहे, आणि ती नावे कोर्टाच्या कागदांत, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि खुद्द सरकारच्या यादीत ताडून पाहता येतात. १९०६ ते १९१४ मध्ये ह्या चळवळीत पकडलेल्यांची यादी सरकारने ठेवली होती. तीत तेराशेहून अधिक नावे आहेत, काही पुरुषांचीही. पोलिसांनी त्रास देण्यासाठी ठेवलेल्या याद्या पुढे पुराव्याला कामी येतात, हा अनुभव आमच्याही क्षेत्रात आहे. दुकानातल्या ब्रूचच्या बाबतीत पेढीचा शिक्का, जुनी जाहिरात, घराण्यात जपलेले पत्र किंवा छायाचित्र असे काही हवे. नुसते रंग पुरत नाहीत.

इंग्लंडची आकृती समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेत ॲलिस पॉल ह्या बाईंनी, ज्या स्वतः इंग्लंडात तुरुंगवास भोगून आल्या होत्या, १९१७ च्या जानेवारीपासून अध्यक्षांच्या निवासाच्या फाटकाशी बायकांचे पिकेटिंग सुरू केले. पुष्कळ जणी तुरुंगात गेल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांना चांदीची एक पिन देण्यात आली: कोठडीचे गजांचे दार आणि त्याला साखळीने लावलेले बदामाच्या आकाराचे कुलूप. हॉलोवे ब्रूचची ही सख्खी धाकटी बहीण. त्यांचे रंग जांभळा, पांढरा नि सोनेरी होते. अमेरिकेबद्दल आणखीही सांगता येईल; पण एका हिंदी बाईच्या अंगठीसाठी आम्हांस वेळ राखून ठेवावयाचा आहे.

पंजाबचे महाराज दुलीपसिंग ह्यांची कन्या राजकुमारी सोफिया. पंजाब खालसा झाला तेव्हा, १८४९ मध्ये, दुलीपसिंग दहा वर्षांचे पोर होते, आणि कोहिनूर त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला तो तहाच्या कलमाने. त्यांची ही मुलगी इंग्लंडात जन्मली, वाढली. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या आवारात राणीने दिलेल्या घरात राहू लागली. आणि तिथूनच सफ्रेजेट झाली. १८ नोव्हेंबर १९१० रोजी पार्लमेंटवर गेलेल्या ज्या बायकांना पोलिसांनी बेदम झोडपले, त्यांच्यात ती पुढच्या रांगेत होती. मत नाही तर कर नाही, असे म्हणणारे एक स्वतंत्र मंडळ होते. त्यातही ती शिरली. कुत्री, गाडी वगैरेंचा परवाना कर तिने भरला नाही. १९११ मध्ये कोर्टाने दंड केला. तोही भरला नाही. तेव्हा जप्ती आली, आणि सात हिऱ्यांची अंगठी उचलून नेली. लिलाव झाला. कर न भरणाऱ्या मंडळातल्याच एका बाईने ती अंगठी दहा पौंडांस घेतली आणि सोफियाच्या हाती परत दिली. पुढे पुन्हा तेच घडले. ह्या खेपेस १३१ मोत्यांची माळ आणि मोती-हिऱ्यांचे सोन्याचे कंकण जप्त झाले, ट्विकनहॅमला लिलावात निघाले, आणि पुन्हा मंडळाच्या बायकांनीच बोली लावून ते सोडविले.

हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले आणि घरी गेलो. कारण सांगतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात आमचे वडील होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. चौथ्या महिन्यात आईने पाटल्या काढल्या. वस्तीजवळच्याच एका सराफाकडे त्या गहाण पडल्या. आम्ही पिशवी धरून बरोबर गेलो होतो. सराफाने वजन केले, घट धरली, व्याज सांगितले, चिठ्ठी दिली. आईने चिठ्ठी देवाच्या तसबिरीमागे ठेवली. त्या पाटल्या सुटल्या नाहीत. आमच्या चाळीत कोणाच्याच काही सुटले नाही. बोली लावावयास मागे दहा बायका उभ्या असत्या तर, असे मनात येते. पण त्या दहाजणींच्या पाटल्याही त्याच कपाटात होत्या. राजकुमारीच्या अंगठीत आणि आमच्या आईच्या पाटल्यांत हा फरक आहे, आणि तो राजकुमारीचा दोष नव्हे.

सिल्व्हियाला हा फरक कळत होता. तिने लंडनच्या पूर्व भागातल्या कामकरी वस्तीत बायकांची संघटना बांधली. आई आणि बहीण यांना ते मानवले नाही, आणि १९१४ च्या आरंभी तिची संघटना मूळ संघातून बाहेर पडली. त्या संघटनेने तीन रंग टाकले नाहीत. त्यांत चौथा, लाल, मिळविला.

राहिले कायद्याचे. १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये बायकांना मत मिळाले, परंतु तिशी ओलांडलेल्यांना, आणि त्यातही स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावे घरजागेची पात्रता असलेल्यांना, किंवा पदवीधरांना. युद्धाच्या चार वर्षांत दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या विशीतल्या पोरी बाहेरच राहिल्या. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत यावयास १९२८ उजाडले. एमेलीन पँकहर्स्ट त्या कायद्यावर सही होण्याच्या काही आठवडे आधी वारल्या. आपल्या मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये बायकांच्या मताधिकारावरील बंदी उठली. त्या कामी रमाबाई रानडे खपल्या होत्या; त्यांचे यजमान न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनीच १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला होता. मात्र इथेही मालमत्तेची अट होती. गिरणगावातल्या बायका त्या यादीत शोधून सापडल्या नसत्या. अट गेली ती संविधान आल्यावर.

हे सारे आम्ही त्या बाईला दोन बैठकींत सांगितले. तिने मन लावून ऐकले. पाटल्यांची गोष्ट ऐकून ती काही बोलली नाही. तिचे माहेर डिलाइल रोडचे. मग तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत खडा नव्हता. आकृती होती, पेन्सिलीने वहीच्या पानावर काढलेली. जाळीचे दार, आणि मधे बाणाऐवजी तिच्या कारखान्याचे हजेरी कार्ड.

“युनियन झाली की असा बिल्ला करू या का, भाऊ?” ती म्हणाली. “चांदी नको, पत्राच घेऊ. मिना मी भरीन.”

कारखान्यात अजून युनियन झालेली नाही. पहिल्या यादीवर सदतीस सह्या आल्या आहेत.